थंडरबर्डमधील स्वयंचलित उत्तराची सोय: पोच देण्यासाठी उत्तम, रजेसाठी अपुरी

आलेल्या मेलला आपोआप उत्तर पाठवण्याची सोय थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये अनेक वर्षांपासून आहे, परंतु तिच्या नावाचे बटण कुठेही नसल्यामुळे ती सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. ती मेसेज फिल्टरच्या, म्हणजे अटींत बसणाऱ्या मेलवर ठरलेली कृती करणाऱ्या नियमांच्या आत, ‘रिप्लाय विथ टेम्प्लेट’ (आधी लिहून ठेवलेल्या नमुना मजकुराने उत्तर) या नावाने आहे. थंडरबर्ड हा मोझिलाच्या छत्राखाली तयार होणारा मोफत व मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे, त्याची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली आणि तो विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालतो. संगणकावर बसून मेल हाताळणाऱ्या मोठ्या वर्गाच्या हाती ही सोय त्यामुळे आयतीच आलेली आहे. ती समजून घेऊन वापरली, तर एका विशिष्ट कामासाठी तिच्याइतके सोपे साधन मला दुसरे दिसत नाही. मात्र ज्या कामासाठी बहुतेक जण ती शोधत येतात, म्हणजे रजेवर असल्याचे कळवण्यासाठी, तिच्यावर विसंबू नये, असे माझे तितकेच स्पष्ट मत आहे.

दोन्ही मतांचे मूळ एकाच गोष्टीत आहे. येथे उत्तर पाठवण्याचे काम आपला संगणक करतो, मेल सांभाळणारा सर्व्हर करत नाही. मेल सर्व्हरवर येऊन पडला, तरी थंडरबर्ड उघडा असून त्याने तो उतरवून घेतल्याखेरीज फिल्टर चालत नाही, आणि फिल्टर चालल्याखेरीज उत्तर जात नाही. संगणक बंद असेल, ‘स्लीप’मध्ये गेला असेल किंवा इंटरनेट नसेल, तर मेल पाठवणाऱ्याच्या दृष्टीने आपली ही सारी व्यवस्था नसल्यातच जमा असते.

आधी मांडणीविषयी, कारण तिच्यात दोन-तीन ठिकाणी हमखास अडखळायला होते. सुरुवात उत्तराच्या मजकुरापासून करावी लागते. नवीन मेल लिहिण्याची खिडकी उघडावी, ‘फ्रॉम’च्या रकान्यात ज्या खात्यावरून उत्तर जायला हवे तेच खाते निवडावे, ‘टू’चा रकाना कोरा ठेवावा, विषय व मजकूर लिहावा आणि ‘सेंड’ न दाबता ‘फाइल’ मेन्यूतील ‘सेव्ह ॲज’मध्ये जाऊन ‘टेम्प्लेट’ निवडावे. विंडोज व लिनक्सवर अलीकडच्या आवृत्त्यांत मेन्यूची पट्टी लपलेली असते. ऑल्ट ही कळ दाबली की ती दिसू लागते. जतन केलेला मेल त्या खात्याच्या ‘टेम्प्लेट्स’ फोल्डरमध्ये जातो. विषयाचा रकाना येथे मोकळा सोडू नये, कारण पुढे फिल्टरमध्ये टेम्प्लेट निवडताना ते आपल्याला विषयावरूनच ओळखावे लागते, आणि तीन टेम्प्लेटांचा विषय ‘धन्यवाद’ असा असेल तर कोणते कोणते हे कळायला मार्ग राहत नाही.

त्यानंतर ‘टूल्स’ मेन्यूतील ‘मेसेज फिल्टर्स’ उघडावे. खिडकीच्या वरच्या भागात खात्यांची एक यादी असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होणे फार सोपे असते. फिल्टर खात्यानिहाय असतात. एका खात्यावर बनवलेला फिल्टर दुसऱ्या खात्यावर आलेल्या मेलला हात लावत नाही. ज्यांच्याकडे कामाचे आणि घरचे अशी दोन खाती आहेत, त्यांनी या यादीत योग्य खाते निवडले आहे याची खात्री करूनच ‘न्यू’ हे बटण दाबावे. पुढच्या खिडकीत फिल्टरला नाव द्यायचे, मधल्या भागात अटी लिहायच्या आणि खालच्या भागात कृती म्हणून ‘रिप्लाय विथ टेम्प्लेट’ निवडून तिच्यासमोर आपले टेम्प्लेट ठेवायचे, एवढेच काम उरते. पुढे कधी टेम्प्लेटचा मजकूर बदलला, तर फिल्टर पुन्हा उघडून तेथे तेच टेम्प्लेट निवडलेले आहे का, हे पाहून घ्यावे आणि एक चाचणीही घ्यावी.

या सोयीचे खरे बळ अटींच्या भागात आहे आणि तिथेच सर्वांत जास्त विचार करायला हवा. अटींच्या डोक्यावर तीन पर्याय दिसतात: खालील सर्व अटी जुळाव्यात, त्यांपैकी कोणतीही एक जुळावी, किंवा कोणतीही अट न पाहता सर्व मेल घ्यावेत. स्वयंचलित उत्तरासाठी तिसरा पर्याय कधीही वापरू नये. वृत्तपत्रिका, जाहिराती, पासवर्ड बदलल्याच्या सूचना, चर्चागटांचे मेल या सगळ्यांना उत्तरे पाठवू लागणारे खाते लवकरच स्वतःसाठी आणि इतरांसाठीही डोकेदुखी होऊन बसते. पहिला पर्याय घ्यावा आणि अटी एकावर एक चढवीत जावे.

माझ्या मते पहिली अट नेहमी ‘टू ऑर सीसी’ या रकान्यात आपला स्वतःचा पत्ता असावा, अशी ठेवावी. गठ्ठ्याने पाठवलेल्या काही मेलमध्ये आपला पत्ता या रकान्यांत नसतो, त्यामुळे काही कचरा इथेच गळून पडतो. दुसरी अट विषयाची: विषयात ‘अर्ज’, ‘नोंदणी’, ‘तक्रार’ असा ठरावीक शब्द असला तरच उत्तर जावे. तिसरी अट पाठवणाऱ्याची: पत्त्यात ‘नो-रिप्लाय’ किंवा ‘मेलर-डीमन’ (मेल पोहोचला नाही असे कळवणारी यंत्रणा) यांसाठी वापरली जाणारी रोमन अक्षरे असू नयेत. पाठवणारा आपल्या ॲड्रेस बुकमध्ये आहे किंवा नाही, अशीही अट घालता येते आणि ती फार उपयोगाची आहे, कारण ओळखीच्या लोकांना एक मजकूर व अनोळखी लोकांना दुसरा मजकूर पाठवणे केवळ दोन फिल्टरांनी साधते.

आणखी एक अट थोडी आडबाजूला आहे, पण या सर्वांत मोलाची आहे. अटींच्या पहिल्या रकान्यातील यादीच्या अगदी तळाशी ‘कस्टमाइझ’ असा पर्याय असतो. तेथे ‘ऑटो-सबमिटेड’ या शीर्षनोंदीचे नाव रोमन लिपीत जोडतात, की ती नोंद नेहमीच्या अटींच्या रांगेत येऊन बसते. मेलच्या आरंभी नजरेआड असणाऱ्या ज्या तांत्रिक ओळी असतात, त्यांत ही एक ओळ यंत्राने पाठवलेल्या मेलवर सहसा लिहिलेली असते, आणि तिच्यात ‘ऑटो’ हा शब्द नसला तरच उत्तर पाठवावे अशी अट घातली, की दोन यंत्रे एकमेकांना उत्तरे देत बसण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. इंटरनेटची मानके ज्या आरएफसी दस्तऐवजांत लिहिली जातात, त्यांतील आरएफसी ३८३४ हा ऑगस्ट २००४ चा दस्तऐवज पूर्णपणे स्वयंचलित उत्तरांविषयीच आहे. यंत्राने पाठवलेल्या उत्तरावर अशी खूण असावी, खूण असलेल्या मेलला पुन्हा यंत्राने उत्तर देऊ नये, चर्चागटांना उत्तर देऊ नये आणि एकाच माणसाला वारंवार तेच उत्तर पाठवू नये, हे त्यातील मुख्य दंडक आहेत. थंडरबर्डच्या वापरकर्त्याला यांतील दुसऱ्या व तिसऱ्या दंडकाचे पालन अटींच्या साह्याने करता येते. शेवटच्याचे करता येत नाही, आणि त्याविषयी पुढे लिहितो आहे.

कृतींमध्ये ‘स्टॉप फिल्टर एक्झिक्युशन’ नावाची एक साधी कृती आहे. फिल्टर यादीतील क्रमाने वरून खाली चालतात. म्हणून ज्यांना कधीही आपोआप उत्तर जाता कामा नये, अशा पत्त्यांचा एक वेगळा फिल्टर सर्वांत वर ठेवून त्याला ही कृती दिली, तर त्या मेलपुरते पुढचे फिल्टर चालतच नाहीत. उत्तराच्या फिल्टरमध्ये दहा नकारार्थी अटी कोंबण्यापेक्षा ही रचना वाचायला सोपी आणि सहा महिन्यांनी पुन्हा उघडल्यावर समजायलाही सोपी असते.

आता एक गंभीर इशारा द्यायला हवा. नवा फिल्टर बनवताना तो केव्हा चालवायचा, हे ठरवणाऱ्या चौकटींपैकी ‘मॅन्युअली रन’ ही चौकट आधीपासूनच खूण केलेली असते. इतर फिल्टरांसाठी ते सोयीचे आहे, पण उत्तर पाठवणाऱ्या फिल्टरसाठी धोक्याचे आहे. कोणी तो फिल्टर निवडून, इनबॉक्स हे फोल्डर ठेवून ‘रन नाऊ’ दाबले, तर अटींत बसणाऱ्या जुन्या मेलनाही उत्तरे जाऊ लागतात. वर्षभरापूर्वी मिटलेल्या विषयावर एखाद्याला ‘आपला मेल मिळाला’ असे उत्तर जाणे अशोभनीय आहे, आणि अशी शेकडो उत्तरे एकदम गेली तर मेल पुरवणारी सेवा आपले खाते काही काळ रोखूही शकते, कारण अनेक सेवा दिवसाला किती मेल पाठवता येतील यावर मर्यादा ठेवतात. ही चौकट रिकामी करावी आणि ‘गेटिंग न्यू मेल’ एवढीच ठेवावी. तिच्याच जोडीला मेल कचरा आहे का हे तपासल्यानंतर फिल्टर चालवण्याचा पर्याय आहे, तोही घ्यावा.

ॲपलच्या मेल या प्रोग्रॅममध्ये हाच धोका आणखी उघडपणे समोर येतो. तेथे ‘रूल्स’मध्ये ‘रिप्लाय टू मेसेज’ अशी कृती असलेला नियम जतन केला, की निवडलेल्या मेलबॉक्समधील मेलवर हे नियम लागू करायचे का, असा प्रश्न प्रोग्रॅम विचारतो. सवयीने होकार दिला की जुन्या मेलना उत्तरे निघतात. तेथे ‘डोन्ट अप्लाय’ हेच उत्तर द्यायचे असते. मॅकवर ही सोय वापरणाऱ्या प्रत्येकाने हे आधीच मनाशी पक्के करून ठेवावे.

थंडरबर्डच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अनेकांना कोड्यात टाकते. अटी बरोबर आहेत, टेम्प्लेट बरोबर आहे, प्रोग्रॅमही उघडा आहे, तरी काही मेलना उत्तर जाते आणि काहींना जात नाही. कारण बहुधा मोबाइलमध्ये सापडते. आयमॅप पद्धतीच्या खात्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि तो वाचला गेल्याची खूण सर्व उपकरणांना दिसते. थंडरबर्डचे येणाऱ्या मेलवरचे फिल्टर मात्र न वाचलेल्या मेलवरच चालतात. म्हणजे मेल येताच मोबाइलवर उघडून पाहिला आणि त्यानंतर थंडरबर्डने तो उतरवला, तर तो आधीच वाचलेला ठरतो आणि फिल्टर त्याला वगळतो. ज्याला मोबाइलवर सतत मेल पाहण्याची सवय आहे, त्याच्याकडे ही सोय त्यामुळे कधी चालेल आणि कधी नाही, असा भरवसा राहत नाही. उलट बाजूनेही अडचण आहे: कार्यालयातील आणि घरातील अशा दोन संगणकांवर तेच खाते, तोच फिल्टर आणि दोन्हीकडे थंडरबर्ड उघडा असेल, तर एका मेलला दोन उत्तरे जाऊ शकतात. फिल्टर एकाच संगणकावर ठेवणे, हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

रजेच्या उत्तरासाठी ही सोय का नको, हे आता विस्ताराने सांगता येईल. रजेवर जाणारा माणूस संगणक बंद करून जातो. निदान त्याने तसे करायला हवे. परत आल्यावर तो संगणक सुरू करतो, थंडरबर्ड साठलेला मेल उतरवतो आणि त्या क्षणी सर्वांना ‘मी रजेवर आहे’ अशी उत्तरे निघतात. पाठवणाऱ्याला हवी होती तेव्हा माहिती मिळाली नाही आणि मिळाली तेव्हा ती खोटी झालेली होती. संगणक मुद्दाम चालू ठेवून गेले तरी एकदा वीज गेली किंवा प्रणालीने अद्ययावत होण्यासाठी स्वतःला पुन्हा सुरू केले, की थंडरबर्ड आपणहून उघडेलच असे नाही.

त्याहून मोठी उणीव म्हणजे थंडरबर्डच्या फिल्टरला स्मरणशक्ती नाही. कोणाला आधी उत्तर दिले आहे याची नोंद तो ठेवत नाही. एकाच माणसाने दिवसभरात सहा मेल पाठवले, तर त्याला तेच उत्तर सहा वेळा जाते. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण स्वयंचलित उत्तरांच्या इतिहासात हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला गेला होता. युनिक्स प्रणालींवरील ‘व्हेकेशन’ हा जुना प्रोग्रॅम एकदा उत्तर दिलेल्या माणसाला आठवडाभर पुन्हा उत्तर देत नसे. तो कालावधी बदलता येत असे, पण मुळात आठवडा धरलेला असे. सर्व्हरवरच्या फिल्टरांसाठी असलेल्या सीव्ह या भाषेत, जानेवारी २००८ च्या आरएफसी ५२३० ने, याच नावाची सोय मानक म्हणून आणली आणि किती दिवसांनी पुन्हा उत्तर द्यायचे हे ठरवण्याची जागाही तिच्यात ठेवली. जीमेलमधील रजेचे उत्तर तोच माणूस सारखा मेल पाठवत राहिला तरी साधारणपणे चार दिवसांतून एकदाच जाते, आणि ते कचरा ठरलेल्या मेलला वा चर्चागटांना जात नाही. थंडरबर्डमध्ये हे काहीच आपोआप होत नाही. अशी नोंद ठेवणे आजच्या प्रोग्रॅमला अवघड नाही, म्हणून ही उणीव मला सर्वांत जास्त खटकते.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या ईमेल प्रोग्रॅमशी तुलना येथे अपरिहार्य आहे, पण त्यात दोन वेगळ्या सोयी एकमेकींत मिसळल्या जातात. खाते एक्स्चेंज किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ या मायक्रोसॉफ्टच्या संस्थांसाठीच्या मेल सेवांचे असेल, तर जुन्या, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलुकमध्ये ‘फाइल’ मेन्यूतच ‘ऑटोमॅटिक रिप्लाइज’ दिसते. सुरुवातीची व शेवटची वेळ ठरवता येते, संस्थेतील लोकांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरा मजकूर लिहिता येतो, बाहेरच्यांपैकी केवळ संपर्कयादीतील लोकांनाच उत्तर जावे असेही ठरवता येते. प्रत्येक पाठवणाऱ्याला उत्तर एकदाच जाते आणि पाठवण्याचे काम सर्व्हर करत असल्याने आपला संगणक बंद असला तरी चालते. ही सोय उत्कृष्ट आहे आणि थंडरबर्डची तिच्याशी बरोबरी होऊ शकत नाही.

पण खाते साधे आयमॅप किंवा पॉप (मेल संगणकावर उतरवून घेण्याची जुनी पद्धत) प्रकारचे असेल, तर जुन्या आउटलुकमध्ये हा पर्याय दिसतच नाही, आणि मग तेथेही टेम्प्लेट व नियम हाच मार्ग उरतो. मेल ‘आउटलुक टेम्प्लेट’ या प्रकारात जतन करायचा आणि नियमात ‘रिप्लाय युझिंग अ स्पेसिफिक टेम्प्लेट’ निवडायचे. टेम्प्लेट निवडताना उघडणाऱ्या खिडकीत आपले टेम्प्लेट सुरुवातीला दिसत नाही. वरच्या ‘लुक इन’ यादीत ‘युजर टेम्प्लेट्स इन फाइल सिस्टम’ निवडले की ते दिसते. या नियमाची एक जमेची बाजू आहे. आउटलुक सुरू केल्यापासून बंद करेपर्यंतच्या काळात तो एका पाठवणाऱ्याला एकदाच उत्तर देतो. आउटलुक बंद करून पुन्हा उघडले की ही आठवण पुसली जाते, तरीही थंडरबर्डपेक्षा ते बरे. मात्र आउटलुक चालू असणे येथेही अनिवार्य आहे, आणि अटींच्या बारकाव्यांत मला थंडरबर्डची खिडकी अधिक मोकळी व समजण्यास सोपी वाटते.

तेव्हा रजेचे उत्तर सर्व्हरवरच ठेवावे. बहुतेक मेल सेवांच्या संकेतस्थळावर, खात्याच्या सेटिंग्जमध्ये त्याची जागा असते आणि थंडरबर्ड वापरणाऱ्यानेही त्या एका कामापुरते ब्राउझर उघडून तेथे जायला हरकत नाही. लिनक्सवरील केमेल या प्रोग्रॅमने येथे चांगला मध्यममार्ग काढला आहे: सर्व्हर सीव्ह समजत असेल, तर रजेचा मजकूर प्रोग्रॅममध्येच लिहिता येतो आणि चालतो मात्र तो सर्व्हरवर. थंडरबर्डमध्ये हीच रचना मूळ प्रोग्रॅमचा भाग म्हणून यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मग ‘रिप्लाय विथ टेम्प्लेट’ कोणी वापरावे? ज्याच्याकडे ठरावीक प्रकारचे मेल येतात, ज्याचा संगणक कामाच्या वेळात चालू असतो आणि ज्याला मेल मिळाल्याची पोच द्यायची असते, त्याने. नियतकालिकाकडे येणारे लेख, शिष्यवृत्तीचे अर्ज, स्पर्धेच्या प्रवेशिका, ग्राहकांच्या तक्रारी, कार्यशाळेची नावनोंदणी अशा कामांत पाठवणाऱ्याची पहिली काळजी ‘पोहोचले की नाही’ हीच असते. दोन तासांनी पोच गेली तरी तिचा अर्थ बदलत नाही. वेगवेगळ्या विषयांसाठी वेगवेगळी टेम्प्लेट ठेवता येतात, उत्तर पाठवण्याबरोबरच तो मेल योग्य फोल्डरमध्ये हलवणे व त्यावर रंगीत टॅग लावणे या कृतीही त्याच फिल्टरमध्ये जोडता येतात, आणि इतके काम एका जागी करून देणारी सोय सर्व्हरवरच्या रजेच्या उत्तरात नसते. एकच माणूस एकापेक्षा अधिक अर्ज पाठवत असेल, तर प्रत्येक अर्जाला वेगळी पोच जाणे हे इथे योग्यच असते. म्हणजे स्मरणशक्ती नसण्याचा जो दोष रजेत जाचतो, तो पोच देताना अडचणीचा ठरत नाही.

अशा कामांना बहुतेक वेळा शेवटची तारीख असते आणि थंडरबर्डच्या फिल्टरला सुरू व बंद होण्याची वेळ लावता येत नाही. त्यावर तोडगा आहे. अटींमध्ये ‘डेट’ हा पर्याय असतो. मेलची तारीख अमुक दिवसानंतरची आणि तमुक दिवसाच्या आधीची असावी अशा दोन अटी घातल्या, की मुदतीबाहेरच्या मेलला ती पोच जात नाही. याच पद्धतीने मुदतीनंतर आलेल्या अर्जांसाठी ‘मुदत संपली आहे’ असे सांगणारा दुसरा फिल्टरही ठेवता येतो, आणि उशिरा अर्ज करणाऱ्याला ताटकळत ठेवण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

मजकुराविषयी थोडे लिहायला हवे, कारण सोय कितीही चांगली असली तरी वाचणाऱ्याच्या हाती पडतो तो मजकूरच. थंडरबर्डच्या टेम्प्लेटमध्ये पाठवणाऱ्याचे नाव आपोआप भरले जाण्याची व्यवस्था नाही, त्यामुळे ‘प्रिय’ लिहून पुढे जागा सोडण्याचा प्रयत्न करू नये. सरळ ‘नमस्कार’ने सुरुवात करावी. उत्तर यंत्राने पाठवले आहे हे दडवू नये. मी सुचवेन तो मजकूर असा: ‘नमस्कार. आपला अर्ज मिळाला. ही पोच संगणकाने आपोआप पाठवली आहे. अर्ज वाचून सात दिवसांच्या आत आपल्याला स्वतंत्र उत्तर पाठवू. जोडलेली फाइल उघडत नसल्यास तसे कळवू. तोपर्यंत अर्ज पुन्हा पाठवण्याची आवश्यकता नाही.’ यातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण खात्री नसलेला माणूस तोच अर्ज तीनदा पाठवतो आणि पोचही तीनदा जाते. दिलेली मुदत पाळता येणार नसेल तर ती लिहूच नये.

काय लिहू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. आपोआप जाणारे उत्तर कोणालाही जाऊ शकते, म्हणून त्यात वैयक्तिक फोन क्रमांक, घराचा पत्ता, आपण कुठे व किती दिवस बाहेर आहोत याचा तपशील किंवा सहकाऱ्यांची पदे व पत्ते देऊ नयेत. फसवणुकीचे मेल पाठवणाऱ्याला आपला पत्ता जिवंत आहे एवढे कळणेही पुरेसे असते. त्याला त्याहून अधिक काही पुरवायचे कारण नाही.

चाचणी घेताना ती स्वतःच्याच पत्त्यावरून घेऊ नये. दुसऱ्या एखाद्या पत्त्यावरून अटींत बसणारा एक आणि न बसणारा एक असे दोन मेल पाठवावेत. पहिल्याला उत्तर आले पाहिजे आणि दुसऱ्याला येता कामा नये. दुसरी चाचणी लोक टाळतात, पण चुकीच्या जागी जाणारे उत्तर तिच्यातूनच सापडते. काही बिनसले, तर मेसेज फिल्टरच्या खिडकीत ‘फिल्टर लॉग’ असे बटण आहे. तेथील नोंद सुरू केली, की कोणत्या मेलवर कोणता फिल्टर चालला हे ओळीओळीने दिसते आणि अंदाज बांधत बसावे लागत नाही.

काम संपल्यावर फिल्टर पुसून टाकायची गरज नसते. यादीत त्याच्या नावासमोरची ‘एनेबल्ड’ची खूण काढली की तो थांबतो आणि पुढच्या वेळी तारखा बदलून पुन्हा सुरू करता येतो. मात्र फिल्टर चालू असल्याची आठवण थंडरबर्ड कुठेही करून देत नाही. जुन्या आउटलुकमध्ये सर्व्हरवरून स्वयंचलित उत्तरे जात असताना खिडकीच्या वरच्या भागात तशी ठळक पट्टी दिसते आणि तिच्यातच ती बंद करण्याचे बटणही असते. तशी पट्टी येथे नाही. त्यामुळे शेवटच्या तारखेची नोंद आपल्या कॅलेंडरमध्ये त्याच दिवशी करून ठेवावी, आणि तारखेच्या अटी फिल्टरमध्ये घातलेल्या असल्या तरीही ती करावी.